खेळाला ‘नुसता’ म्हणणाऱ्या संदेशाबद्दल

गेल्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर काकांनी एक संदेश पुढे पाठवला. तो मी याआधी तीन-चार ठिकाणी पाहून सोडून दिला होता आणि याही वेळी सोडून दिला असता. पण माझी पुतणी जिल्हा पातळीवर ८०० मीटर धावते, पहाटे साडेपाचला मैदानावर असते, आणि तिने तो वाचून मला वेगळा निरोप पाठवला: ‘आजोबांनी टाकलंय ते खरं आहे का? नुसतं खेळून काहीच होत नाही का?’ त्या ‘नुसतं’ या शब्दामुळे मी हे लिहायला बसलो. काकांविषयी मला आदर आहे. त्या संदेशाविषयी अजिबात नाही.

संदेशाचा मथळा ‘खेळाडूला भारतरत्न कशासाठी?’ असा आहे. त्यात सहा मुद्दे आहेत. पहिला, राज्यघटनेनुसार हा सन्मान फक्त कला, साहित्य, विज्ञान आणि समाजसेवा यांसाठी आहे, पण एका क्रिकेटपटूसाठी नियम वाकवला गेला. दुसरा, शास्त्रज्ञांना डावलून खेळाडूला गौरवण्यात आले. तिसरा, सीमेवर जवान मरतो त्याला काही नाही आणि बॅट फिरवणाऱ्याला सर्वोच्च सन्मान. चौथा, खेळाडू पैसे घेऊन खेळतो, तेही एका खासगी मंडळासाठी. पाचवा, नुसता खेळ पुरेसा नाही, समाजासाठी काय केले ते दाखवावे. सहावा, जगात कुठेही खेळाडूला देशाचा सर्वोच्च सन्मान देत नाहीत. याखाली शेवटची एक ओळ आहे, तिच्याकडे मी शेवटी येतो, कारण ती लिहिणाऱ्याने वरचे सहा मुद्दे वाचले असावेत असे वाटत नाही.

घटनेच्या मुद्द्याचा निकाल लवकर लागतो. राज्यघटनेत भारतरत्नाचा उल्लेखच नाही. घटनेच्या अठराव्या अनुच्छेदात उलट असे म्हटले आहे की लष्करी वा विद्याविषयक मानविशेष वगळता राज्यसंस्थेने कोणतेही किताब देऊ नयेत, आणि त्याच आधारावर भारतरत्न व पद्म पुरस्कारांना न्यायालयात आव्हान दिले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १५ डिसेंबर १९९५ रोजी बालाजी राघवन खटल्यात निर्णय दिला की हे पुरस्कार किताब नाहीत. मात्र ते नावाच्या आधी किंवा नंतर लावता येणार नाहीत. संदेश लिहिणाऱ्याने घटनेतून जी चार क्षेत्रे उचलली आहेत ती ऐंशीव्या अनुच्छेदातली आहेत, आणि तो अनुच्छेद राज्यसभेवर राष्ट्रपतींनी नेमायच्या बारा सदस्यांविषयी आहे. तेथे साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा असेच शब्द आहेत, खेळ नाही, आणि २०१२ मध्ये सचिन तेंडुलकर यांची राज्यसभेवर नेमणूक झाली तेव्हा तो आक्षेप रीतसर घेतला गेला होता. म्हणजे आक्षेप खरा होता, पण तो दुसऱ्या घरचा होता. कोणीतरी तो उचलून भारतरत्नाच्या दारात आणून ठेवला.

नियम बदलला, हे मात्र खरे आहे, आणि ते मला मान्य करावेच लागते. २ जानेवारी १९५४ रोजी भारतरत्न सुरू झाले तेव्हा त्याच्या शब्दांत कला, साहित्य आणि विज्ञान यांच्या उन्नतीसाठीची असाधारण सेवा आणि सर्वोच्च दर्जाची लोकसेवा एवढेच होते. २०११ च्या अखेरीस ते शब्द बदलून मानवी प्रयत्नांचे कोणतेही क्षेत्र असे करण्यात आले, आणि तो बदल करताना सरकारच्या डोळ्यांपुढे कोण होते हे सांगायला ज्योतिषी नको. परंतु या बदलात एक शब्द असा आहे की ज्याकडे संदेश लिहिणाऱ्यांचे लक्ष गेलेले नाही आणि ज्यावर माझ्या मते हा सगळा वाद ठरतो. आताच्या नियमात नुसती सेवा नाही, सेवा किंवा कामगिरी असे म्हटले आहे. कामगिरी हा स्वतंत्र निकष आहे. ती सर्वोच्च दर्जाची असावी एवढीच अट आहे; तिच्या जोडीला सेवा असलीच पाहिजे अशी अट नाही. एखाद्याला हा नियम आवडत नसेल तर त्याने तसे म्हणावे. नियमच नाही असे मात्र म्हणू नये.

आणि एका माणसाला पाहून चौकट रुंद केली म्हणून ती चौकटच खोटी ठरते, असेही नाही. जपानमध्ये १९७७ साली सादाहारू ओ या बेसबॉलपटूने कारकिर्दीतला ७५६ वा होमरन मारला, तेव्हा त्याचा गौरव करता यावा म्हणून तेथील पंतप्रधानांनी एक नवा राष्ट्रीय सन्मानच सुरू केला आणि त्याचा पहिला मानकरी ओ हाच ठरला. आपल्याकडे १९५४ चे शब्द काटेकोरपणे लावायचे ठरवले, तर १९९२ साली जे. आर. डी. टाटा यांना दिलेले भारतरत्न कोणत्या खणात बसवायचे? उद्योग हा शब्दही त्या जुन्या नियमात नव्हता. त्यांचे काम लोकसेवेत धरले गेले आणि कोणाची काही तक्रार नव्हती, माझीही नाही. लोकसेवा हा खण पूर्वीपासूनच ऐसपैस होता. खेळाडू दारात आला तेव्हाच मोजपट्टी निघाली, एवढेच.

शास्त्रज्ञांना डावलल्याचा दावा तर तारखेवरच पडतो. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी, तेंडुलकर वानखेडेवर आपली दोनशेवी कसोटी खेळून निवृत्त झाले त्याच दिवशी, भारतरत्नासाठी दोन नावे जाहीर झाली आणि त्यांतले दुसरे नाव रसायनशास्त्रज्ञ सी. एन. आर. राव यांचे होते. ४ फेब्रुवारी २०१४ रोजी राष्ट्रपती भवनात दोघांनाही एकाच समारंभात सन्मान देण्यात आला. पहिल्याच वर्षीच्या तीन मानकऱ्यांत सी. व्ही. रामन होते, १९९७ मध्ये ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. होमी भाभा आणि विक्रम साराभाई यांना हा सन्मान मिळाला नाही ही खंत मलाही आहे. पण भाभांचे निधन १९६६ मध्ये झाले आणि साराभाईंचे १९७१ मध्ये, तेंडुलकर जन्मण्याच्या आधी. त्यांची जागा कोणा फलंदाजाने अडवलेली नाही.

आता जवानांचा मुद्दा. या संदेशातला सर्वांत घातक भाग हाच आहे आणि तो पसरतो तोही याच भागाच्या जोरावर, कारण तो वाचल्यावर कोणालाही प्रतिवाद करण्याची लाज वाटते. सीमेवर मरणाऱ्या माणसाचे नाव घेतले की समोरच्याने गप्प बसायचे, असा हा सोपा डाव आहे. मी गप्प बसणार नाही, कारण या ओळीत खेळाडूचा जेवढा अपमान आहे त्यापेक्षा जवानाचा जास्त आहे.

जवानाला ‘काही नाही’ हे कोणी सांगितले? देशाने शौर्यासाठी स्वतंत्र, आणि भारतरत्नाच्याही आधीपासूनची, सन्मानांची रांग उभी केली आहे. परमवीर चक्र २६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू करण्यात आले, जेणेकरून काश्मीरच्या पहिल्या लढाईतले वीर त्यातून सुटू नयेत. बडगामला पडलेले मेजर सोमनाथ शर्मा त्याचे पहिले मानकरी आहेत. आजवर एकवीस जणांना ते मिळाले, त्यांतल्या चौदा जणांना मरणोत्तर. त्या पदकाचा आराखडा सावित्रीबाई खानोलकर यांनी केला, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? शत्रूसमोर दाखवलेल्या असामान्य शौर्यासाठीच ते मिळते. कोणी कितीही मोठा शास्त्रज्ञ, गायक, पंतप्रधान वा फलंदाज असो, त्याला ते मिळू शकत नाही. आणि पदके धारण करण्याचा जो अधिकृत क्रम आहे त्यात भारतरत्नानंतर लगेच परमवीर चक्र येते, त्यानंतर अशोक चक्र, आणि पद्मविभूषण त्याच्याही खाली आहे. म्हणजे पद्मविभूषण मिळालेल्या कोणत्याही खेळाडूपेक्षा परमवीर चक्राचा मानकरी या क्रमात वर आहे, हे सरकारी कागदावर नोंदलेले आहे. ज्याला जवानांची खरोखर काळजी आहे त्याने हे एवढे वाचायला काही हरकत नव्हती.

दुसरे असे की हा युक्तिवाद फक्त खेळाडूपुरताच का वापरायचा? सीमेवर जवान लढत असताना लता मंगेशकर गात होत्या, बिस्मिल्ला खाँ सनई वाजवत होते. दोघांनाही २००१ मध्ये भारतरत्न मिळाले. सत्यजित राय चित्रपट काढत होते. महामहोपाध्याय पां. वा. काणे धर्मशास्त्राचा इतिहास लिहीत होते. जो कोणी स्वतः रणांगणावर नव्हता त्याला काही देऊ नये असे ठरवले तर ही सगळी यादीच पुसावी लागेल. तसे कोणी म्हणत नाही. म्हणजे बलिदानाशी तुलना करायची ती फक्त खेळाची, कारण खेळ मनात कुठेतरी फुकटचा उद्योग म्हणून बसलेला आहे. लहानपणी ‘खेळतोस काय नुसता, अभ्यास कर’ हे वाक्य ऐकलेली माणसेच पुढे असे संदेश लिहितात, अशी मला शंका आहे.

तिसरे आणि या तुलनेला सर्वांत अडचणीचे म्हणजे ज्यांना ती एकमेकांसमोर उभे करते ती पुष्कळदा एकच माणसे असतात. हॉकीपटू ध्यानचंद लष्करात होते. धावपटू मिल्खा सिंग लष्करात होते. २००४ मध्ये अथेन्सला नेमबाजीत रौप्यपदक मिळवणारे राज्यवर्धन सिंह राठोड लष्करी अधिकारी होते. टोकियोत भाला फेकून सुवर्णपदक जिंकणारे नीरज चोप्रा लष्करात सुभेदार होते. आणि आपल्या महाराष्ट्रातले मुरलीकांत पेटकर: १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेला हा जवान १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक घेऊन आला. त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले. या संदेशाच्या हिशेबात पेटकरांना कोणत्या रांगेत उभे करायचे? गोळ्या झेलल्या म्हणून आदर आणि पोहले म्हणून तुच्छता, अशी त्यांची वाटणी करायची काय?

एक अर्धसत्य येथेही आहे. फील्ड मार्शल माणेकशा यांना पद्मविभूषण मिळाले, भारतरत्न नाही. आणि सेनादलातल्या कारकिर्दीसाठी आजवर कोणालाही भारतरत्न मिळालेले नाही. हा आक्षेप योग्य आहे. पण तो सरकारने कोणाला निवडले नाही याविषयीचा आहे, खेळाडूला का निवडले याविषयीचा नाही.

पैशाच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करावेत असे वाटत नाही. रामन पगार घेत होते, गायक बिदागी घेत होते, आणि मानधन घेतल्याने कोणाची कला हलकी झाली नाही. भारतरत्नासोबत पैसे मिळत नाहीत. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पिंपळपानाच्या आकाराचे पदक मिळते. क्रिकेट मंडळ खासगी संस्था आहे हे अर्धे खरे: २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते मंडळ घटनेच्या अर्थाने राज्यसंस्था नसल्याचे म्हटले, पण ते सार्वजनिक स्वरूपाची कामे करते हेही मान्य केले. शिवाय भारतरत्न मंडळाला दिले गेले नव्हते. आणि खेळ म्हटले की फक्त क्रिकेट आणि पैसा आठवणाऱ्यांनी खाशाबा जाधवांकडे पाहावे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९५२ मध्ये हेलसिंकीला गेला तो लोकांकडून पैसे गोळा करून, आणि त्यासाठी त्यांच्या प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते असे आजही सांगितले जाते. त्यांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचे वैयक्तिक पदक लिएंडर पेस यांनी अटलांटात १९९६ मध्ये मिळवले. मधली चव्वेचाळीस वर्षे हे एकच पदक होते. खाशाबा १९८४ मध्ये अपघातात गेले. हयातीत त्यांना पद्म पुरस्कार मिळाला नाही, अर्जुन पुरस्कारही मरणोत्तर. पैशासाठी खेळणाऱ्याची ही कहाणी नव्हे.

पुतणीला जो शब्द टोचला तो पाचव्या मुद्द्यातला. नुसता खेळ पुरेसा नाही, समाजासाठी काय केले ते दाखवा. वरवर ही अपेक्षा समंजस वाटते. काकांनाही ती पटली असावी. पण ती दुसऱ्या कोणाला लावून पाहावी. पंडित भीमसेन जोशी यांना २००८ मध्ये भारतरत्न जाहीर झाले तेव्हा त्यांनी किती रुग्णालये उभारली असे कोणी विचारले का? विचारले असते तर आपणच त्या माणसाला वेड्यात काढले असते. त्यांनी गाण्याला काय दिले हेच त्यांचे समाजाला दिलेले देणे, हे आपल्याला उघड दिसते. खेळाडूच्या बाबतीत मात्र त्याची कला ही त्याची देणगी नाही, तिच्यावर वरून काहीतरी दानधर्म ठेवायला हवा, असा हिशेब आपण मांडतो. शतकांचे शतक करायला बावीस वर्षे त्याच अचूकतेने उभे राहावे लागते, शरीर मोडत असताना आणि आखे मैदान नजर लावून बसलेले असताना. १६ मार्च २०१२ रोजी मीरपूरला तेंडुलकरांचे शंभरावे शतक पूर्ण झाले तेव्हा पहिल्या शतकाला साडेएकवीस वर्षे होऊन गेली होती. या कामगिरीला जोडीला शाळा-दवाखाना हवा असे म्हणणे म्हणजे रियाजाला सोबत पावती मागण्यासारखे आहे.

शिवाय अशी अट घातली की काय होईल तेही उघड आहे. समाजसेवा ही पात्रतेची रक्कम झाली की ती कॅमेऱ्यापुढे केली जाईल. ज्या खेळाडूकडे पैसा आहे तो संस्था काढेल, ज्याच्याकडे नाही तो खाशाबांसारखा अपात्र ठरेल. म्हणजे पैशावर आक्षेप घेणारा हा संदेश अखेर पैसेवाल्याच खेळाडूच्या सोयीचा निकष सुचवतो.

जगात कुठे नाही हा दावा सरळ खोटा आहे. धावपटू जेसी ओवेन्स यांना अमेरिकेचे राष्ट्राध्यक्षीय स्वातंत्र्य पदक १९७६ मध्ये मिळाले, मुष्टियोद्धा मुहम्मद अली यांना २००५ मध्ये, आणि ते त्या देशाच्या सर्वोच्च नागरी सन्मानांपैकी आहे. बार्बाडोसने क्रिकेटपटू गारफिल्ड सोबर्स यांना १९९८ मध्ये राष्ट्रीय वीर म्हणून घोषित केले. ऑस्ट्रेलियाचे फलंदाज ब्रॅडमन १९४९ मध्ये सर झाले; तो किताब तेथील सर्वोच्च नव्हे, एवढे मी संदेश लिहिणाऱ्याच्या वतीने मान्य करतो.

एवढे झाल्यावर ती शेवटची ओळ. सहा मुद्द्यांनी खेळाला अपात्र ठरवल्यावर संदेशाच्या तळाशी मोठ्या अक्षरांत विचारले आहे: ‘मग मेजर ध्यानचंद यांना का नाही?’

हा प्रश्न रास्त आहे आणि मीही तो विचारतो. १९२८, १९३२ आणि १९३६ अशा तीन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघांत तो माणूस होता. देशाने त्याला १९५६ मध्ये पद्मभूषण दिले, त्याच्या जन्मदिवसाला राष्ट्रीय क्रीडा दिन म्हटले, २०२१ मध्ये खेलरत्न पुरस्काराला त्याचे नाव दिले, आणि भारतरत्न अजून दिलेले नाही. मरणोत्तर देता येत नाही असेही नाही. १९६६ मध्ये लालबहादूर शास्त्री यांना ते दिले गेले होते. वर्षाला तिघांची मर्यादा आड येते असे म्हणावे तर १९९९ मध्ये चौघांना आणि २०२४ मध्ये पाच जणांना ते दिले गेले. १९५४ ते २०२४ या काळातल्या त्रेपन्न मानकऱ्यांत खेळाडू एकच आहे. निवड पंतप्रधानांच्या शिफारशीवर होते आणि अमुक का, तमुक का नाही याची कारणे कोणापुढे येत नाहीत. १९९५ च्या त्याच निकालात न्यायालयाने निवडीसाठी समिती असावी असे सुचवले होते. राग काढायचा असेल तर त्या बंद दारावर काढावा.

पण मग वरचे सहा मुद्दे खोडावे लागतील. ध्यानचंद यांनी रुग्णालय काढले नव्हते. त्यांच्या नावावर कोणता शोध नाही. ते सैनिक होते, पण भारतरत्न त्यांना सैनिक म्हणून कोणी मागत नाही. जे मागतात ते नुसत्या हॉकीसाठी मागतात. काकांना मी एवढेच लिहून पाठवले आहे आणि पुतणीलाही त्याची प्रत दिली आहे. काकांचे उत्तर अजून आलेले नाही, पण संदेश त्यांनी गटावरून काढून टाकला आहे.